बदलीचा हुकूम आणि न्यायासन

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गव्यवस्थेविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात किल्ल्यावरचा हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी आणि सबनीस व कारखानीस पाच वर्षांनी बदलले जावेत असा दंडक घालून दिलेला आढळतो. ज्या राज्याचे अस्तित्वच डोंगरी किल्ल्यांवर अवलंबून होते, त्या राज्याने किल्ल्याचा बंदोबस्त ज्यांच्या हाती सोपवावयाचा त्यांचा एका ठिकाणचा मुक्काम किती असावा, हे कोणाच्या मर्जीवर न सोडता वर्षांच्या हिशेबात बांधून ठेवले, यात मोठे राजकीय शहाणपण होते. मनुष्य एका जागी फार काळ राहिला की त्याचे तेथे लागेबांधे निर्माण होतात आणि हुकमत राज्याची न राहता त्याची स्वतःची होऊन बसते. उलट, जम बसण्यापूर्वीच त्याला उठविले तर त्याला मुलूख कळत नाही आणि मुलखालाही तो कळत नाही. मुदत ठरवून देणे हा या दोन्ही दोषांवरचा एकच उपाय होय, आणि पोलीस अधिकाऱ्यांच्या मनमानी बदल्यांविरुद्ध गेल्या पन्नास वर्षांत आपल्या देशात जे न्यायालयीन झगडे झाले, त्यांचा इतिहास म्हणजे हा जुना दंडक नव्या कायद्याच्या पानावर पुन्हा लिहवून घेण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

गावाच्या पातळीवर मात्र बदली ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरापर्यंत अस्तित्वातच नव्हती. पाटील हा वतनदार. गावचा बंदोबस्त, चोराचा माग काढणे, परगावच्या संशयित माणसावर नजर ठेवणे ही कामे त्याच्याकडे, आणि महार, रामोशी, जागल्या हे त्याच्या हाताखालचे सेवकही वंशपरंपरेने त्याच कामाला बांधलेले. चोराच्या पावलांचा माग ज्या गावच्या शिवेत जाऊन पुसला जाई, त्या गावाने एक तर चोर काढून द्यावा, नाहीतर भरपाई करावी, अशी वहिवाट होती. अशा व्यवस्थेत पोलीस हा गावाचाच एक अवयव असल्यामुळे त्याला दुसरीकडे नेण्याची कल्पनाच संभवत नव्हती, आणि त्या व्यवस्थेचे दोषही याच स्थैर्यातून उपजलेले होते. कारण पाटीलच चोराला सामील झाला, तर गावाने दाद मागावी कोणाकडे? इंग्रजी अमदानीतही १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पाटलाची ही जागा कायम ठेवली, आणि पाटीलकीचे वतन कायद्याने मोडले ते आपले राज्य आल्यानंतर, १९६० नंतरच्या दशकात.

शहराची गोष्ट वेगळी होती. पुण्याचा कोतवाल हा सरकारचा नेमलेला अधिकारी, आणि त्या जागेवर १७७७ पासून १७९१ पर्यंत घाशीराम सावळदास याने जो अंमल गाजविला, त्याचा शेवट कसा झाला हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. कोठडीत कोंडलेले तेलंग ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले आणि ज्या शहरावर त्याने चौदा वर्षे सत्ता चालविली त्याच शहराच्या लोकांच्या हातून दगडांच्या माराने तो मारला गेला. वरून भक्कम आश्रय आणि खालून कसलीही विचारपूस नाही, अशा स्थितीत एका माणसाच्या हाती शहराचा बंदोबस्त दीर्घकाळ राहिला म्हणजे काय घडते, याचे हे उदाहरण बदलीच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने सतत डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे. एरवी बदल्यांविरुद्ध लिहिताना अधिकाऱ्याला त्याची खुर्ची वतन म्हणून मिळावी अशी मागणी आपल्या हातून नकळत होऊन जाईल.

१८५७ च्या उठावानंतर १८६० साली नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींवरून १८६१ चा पोलीस कायदा झाला, आणि त्याच्या बाविसाव्या कलमाने पोलीस अधिकारी हा सदैव कामावर आहे असे समजले जाईल व त्याला पोलीस जिल्ह्याच्या कोणत्याही भागात केव्हाही कामाला लावता येईल, असे ठरविले. मुंबई इलाख्याने आपले जिल्हा पोलिसांचे कायदे वेगळे केले, तरी तत्त्व तेच राहिले, आणि आजही महाराष्ट्रात लागू असलेल्या १९५१ च्या महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) पोलीस कायद्यात ते अठ्ठाविसाव्या कलमात जसेच्या तसे बसलेले आहे. वतनदाराच्या जागी बदलता येणारा पगारी नोकर आणणे ही त्या काळी खरोखरच सुधारणा होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु परक्या सत्तेने हा अधिकार मिळवला तो रयतेच्या सोयीसाठी नव्हे. हुकमाबरोबर हलणारी आणि सरकारखेरीज कोणाचीही बांधिलकी नसलेली फौजच तिला हवी होती. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, इतका अमर्याद अधिकार हाती असूनही वरिष्ठ जागांच्या बाबतीत इंग्रजांनी तो फार काटकसरीने वापरला. मुंबई शहराच्या पोलीस आयुक्ताच्या जागेवर सर फ्रँक सूटर १८६४ पासून १८८८ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे बसून होते.

या काळात हुकमाविरुद्ध दाद मागावयाची झाल्यास कायद्याचा आधार जवळजवळ नव्हता. सरकारी नोकर हा राजाच्या मर्जीपर्यंत नोकर, हे इंग्लंडातले तत्त्व हिंदुस्थानात आले आणि १९१९ च्या कायद्याने त्यावर थोडासा बांध घातला. १९३७ च्या सुमारास प्रिव्ही कौन्सिलपुढे मद्रास इलाख्यातल्या दोन नोकरांचे दावे आले. त्यांतला एक, रंगाचारी, हा पोलीस उपनिरीक्षक होता; त्याला नेमणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ केले म्हणून ती बडतर्फी त्या न्यायासनाने बेकायदा ठरविली. परंतु वेंकटराव या दुसऱ्या नोकराच्या दाव्यात त्याच न्यायासनाने असे सांगितले की, नोकरीच्या नियमांचे पालन झाले नाही एवढ्यावरून नोकराला दिवाणी दावा लावता येत नाही. कोणत्या हाताने हुकूम निघाला हे न्यायालय पाहील, तो हुकूम न्याय्य आहे की नाही हे पाहणार नाही, अशी ही सीमारेषा होती. आणि बदलीच्या बाबतीत तर या रेषेपर्यंतही कोणी पोचत नव्हते, कारण बदली म्हणजे शिक्षा नव्हे, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते.

राज्यघटनेने ३१० व्या अनुच्छेदात मर्जीचे तत्त्व ठेवले आणि ३११ व्या अनुच्छेदात बडतर्फी, सेवेतून काढणे व पदावनती या तीन गोष्टींपुरते संरक्षण दिले. बदली या तिन्हींत बसत नाही. पगार तोच, हुद्दा तोच, ज्येष्ठता तीच. कागदावर पाहिले तर त्या माणसाचे काहीच गेलेले नसते. परंतु ज्याने ठाण्याचा कारभार पाहिला आहे त्याला ठाऊक असते की, पोलीस अधिकाऱ्याचे सामर्थ्य त्याच्या हुद्द्यात जितके असते त्याहून कितीतरी अधिक त्याच्या नेमणुकीच्या जागेत असते. ठाण्याच्या प्रमुखाला रातोरात नियंत्रण कक्षाशी संलग्न केले, किंवा तपासाचा धागा हाती लागलेल्या निरीक्षकाला प्रशिक्षण केंद्रावर धाडले, तर त्याच्या सेवापुस्तकावर एकही काळा शेरा न पडता तपास तिथल्या तिथे थांबतो, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला काय करू नये हे कोणी सांगावे लागत नाही. दंडाचे कोणतेही लक्षण अंगी न बाळगता दंडाचे सर्व परिणाम घडवून आणणारे हे साधन स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकर्त्यांच्या हाती आयते आले, आणि ते त्यांनी इंग्रजांइतक्या काटकसरीने वापरले नाही.

न्यायालयाच्या दारावर पहिला मोठा ठोठावा झाला तो पोलीस अधिकाऱ्याचा नव्हता. तामिळनाडूचे मुख्य सचिव ई. पी. रॉयप्पा यांना त्या जागेवरून काढून राज्य नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदावर व नंतर विशेष कार्य अधिकारी म्हणून नेमण्यात आले, तेव्हा त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली आणि मुख्यमंत्र्यांवर आकसाचा आरोप केला. १९७३ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. न्यायमूर्ती भगवती यांनी स्वतःच्या व न्यायमूर्ती चंद्रचूड व कृष्ण अय्यर यांच्या वतीने लिहिलेल्या निकालपत्रात मनमानी व समता या परस्परांच्या वैरिणी आहेत, जेथे मनमानी आहे तेथे चौदाव्या अनुच्छेदाचा भंग आहेच, असा सिद्धांत मांडला, आणि पुढच्या अर्धशतकातल्या प्रशासकीय कायद्याचा तो पाया ठरला. रॉयप्पा मात्र हरले. आकस सिद्ध करण्याचे ओझे फार जड असते आणि ते आरोप करणाऱ्यानेच वाहावयाचे असते, असे न्यायालयाने म्हटले. ज्या दाव्याने मनमानीविरुद्धचा सर्वांत मोठा सिद्धांत देशाला दिला, त्या दाव्यात फिर्याद करणाऱ्याच्या पदरी काहीच पडले नाही, आणि बदलीच्या दाव्यांचे हे दुर्दैव पुढेही दीर्घकाळ टिकले.

१९८६ सालच्या वरदराव खटल्यात वारंवार व अवेळी होणाऱ्या बदल्यांनी कुटुंबाची मुळे उखडली जातात, हे न्यायालयाने कळकळीने सांगितले. पण बदली ही नोकरीची स्वाभाविक घटना आहे, हेही त्याच ओघात सांगितले. पोशाणी, शिल्पी बोस, अब्बास या १९८९ ते १९९३ या काळातल्या निकालांनी नियम पक्का केला तो असा: वैधानिक नियमाचा भंग किंवा सिद्ध झालेला आकस असल्याखेरीज न्यायालयाने बदलीत हात घालू नये, शासनाची परिपत्रके ही केवळ मार्गदर्शक आहेत, आणि नोकराने आधी नव्या जागी हजर व्हावे व मग आपले गाऱ्हाणे मांडावे. या निकालांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. लक्षावधी नोकरांच्या नेमणुका न्यायाधीशांनी ठरवावयाच्या म्हटल्या, तर कारभार चालणार नाही. प्रश्न होता तो हा की, वैधानिक नियमच नसेल तर भंग कशाचा व्हावयाचा? शासन कायदा करीत नव्हते, आणि कायदा नाही म्हणून न्यायालय पाहत नव्हते.

या कोंडीकडे लक्ष याआधीच, आणीबाणीनंतर, गेले होते. १९७७ च्या नोव्हेंबरात धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला आणि १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. पोलिसांवर बेकायदा दबाव आणण्याचे मुख्य साधन बदली व निलंबन हेच आहे, म्हणून पोलीस प्रमुखाला निश्चित पदावधी असावा आणि पोलीस दलावर देखरेख करण्यासाठी राज्य सुरक्षा आयोग असावा, असे त्याने स्पष्टपणे सुचविले. ते अहवाल दप्तरात पडून राहिले.

येथे एका माणसाची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे. एन. के. सिंग हे भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी केंद्रीय अन्वेषण विभागात सहसंचालक होते आणि ज्याची त्या काळी देशभर चर्चा होती त्या सेंट किट्स प्रकरणाचा तपास त्यांच्या देखरेखीखाली चालू होता. केंद्रातले सरकार बदलले आणि १९९१ च्या आरंभी त्यांना तेथून उचलून सीमा सुरक्षा दलात पाठविण्यात आले. त्यांनी दाद मागितली. ती वरपर्यंत गेली आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी निकाल दिला. नाजूक तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला मध्येच हलविल्याने सार्वजनिक हिताला बाधा येऊ शकते, हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु सिंग यांचा हुद्दा, वेतन वा भवितव्य यांपैकी कशालाही धक्का लागलेला नाही, तेव्हा त्यांचा खाजगी हक्क बाधित झालेला नाही, आणि सार्वजनिक हिताची लढाई ज्यांना लढावयाची असेल त्यांनी ती आपल्या व्यासपीठावरून लढावी, अशा आशयाचा सल्ला देऊन न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले.

कायद्याच्या दृष्टीने या निकालात एक मर्म सापडले होते, आणि ते हरलेल्या माणसाला इतरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसले असावे. अधिकाऱ्याची बदली हा त्या अधिकाऱ्याचा प्रश्न म्हणून न्यायालयापुढे नेला तर तो हरतो, कारण त्याचे म्हणून खरोखरच फार थोडे गेलेले असते. जे गेलेले असते ते नागरिकाचे. ज्या फिर्यादीचा तपास अर्धवट राहिला तो फिर्यादी, ज्या वस्तीतला बंदोबस्त उठला ती वस्ती, यांचे ते नुकसान. उत्तर प्रदेश व आसामचे पोलीस प्रमुख म्हणून काम केलेले प्रकाश सिंग यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुधारणांसाठी जो रिट अर्ज केला, त्यात दुसरे अर्जदार म्हणून नाव होते एन. के. सिंग यांचे, आणि त्यांच्यासोबत होती कॉमन कॉज ही संस्था. स्वतःच्या बदलीचा दावा हरलेला अधिकारी दोन वर्षांनी सर्वांच्या वतीने उभा राहिला, तो आपली जागा परत मागण्यासाठी नव्हे, तर जागा कोणाच्या मर्जीवर असू नये यासाठी.

दरम्यान त्याच न्यायमूर्ती वर्मांनी, आता सरन्यायाधीश म्हणून, १९९७ च्या डिसेंबरात विनीत नारायण प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाच्या संचालकाला किमान दोन वर्षांचा पदावधी ठरवून दिला, आणि राज्यांतल्या जिल्हा अधीक्षकांच्या नशिबी काही महिन्यांचाच मुक्काम येतो याबद्दल तीव्र खेदही व्यक्त केला. प्रकाश सिंग यांचा अर्ज मात्र दहा वर्षे चालला. २२ सप्टेंबर २००६ रोजी सरन्यायाधीश सभरवाल यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने सात निर्देश दिले. त्यांत राज्याच्या पोलीस महासंचालकाला किमान दोन वर्षे. परिक्षेत्राचे प्रमुख, जिल्हा अधीक्षक आणि ठाण्याचे प्रभारी यांनाही किमान दोन वर्षे. आणि प्रत्येक राज्यात एक पोलीस आस्थापना मंडळ, ज्याने उपअधीक्षकापर्यंतच्या बदल्या स्वतः कराव्यात व त्यावरच्या बदल्यांची शिफारस करावी, असे ठरले. राज्ये कायदे करीपर्यंत हे निर्देशच कायदा म्हणून चालावेत, असेही न्यायालयाने सांगितले. ज्या वैधानिक नियमाच्या अभावी आजवरचे अर्ज फेटाळले जात होते, तो नियम शेवटी न्यायालयालाच लिहावा लागला.

महाराष्ट्रात याच सुमाराला, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे, शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा अधिनियम आला आणि तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. एका जागी सामान्यतः तीन वर्षे, बदल्या वर्षातून एकदा एप्रिल वा मे महिन्यात, आणि मुदतीपूर्वी हलवावयाचे तर विशेष कारण लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता, असा हा कायदा. आज्ञापत्रातल्या हवालदाराची तीन वर्षे तीनशे वर्षांनी अशी परत आली. पोलीस अधिकाऱ्यांनाही आरंभी त्याचाच आधार होता. पुढे २०१४ साली, प्रकाश सिंग निकालाला आठ वर्षे होत आली असताना, १९५१ च्या पोलीस कायद्यातच दुरुस्ती होऊन त्याच्या बाविसाव्या कलमाला नवी शेपटी जोडली गेली. कलम २२न अन्वये उपअधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांना एका जागी दोन वर्षे, शिपाई व हवालदार यांना पाच वर्षे. उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक व निरीक्षक यांना एका ठाण्यात दोन, जिल्ह्यात चार आणि परिक्षेत्रात आठ वर्षे, आणि मुंबई आयुक्तालयात आठ वर्षे. निरनिराळ्या स्तरांवर आस्थापना मंडळेही स्थापन झाली.

परंतु ज्या हातांनी हे कलम लिहिले, त्यांनी त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात एक दरवाजा ठेवला. अपवादात्मक प्रकरणी, जनहितार्थ व प्रशासकीय निकडीमुळे सक्षम प्राधिकाऱ्याला मुदतपूर्व बदली करता येते, आणि भारतीय पोलीस सेवेच्या अधिकाऱ्यांसाठी हा सक्षम प्राधिकारी म्हणजे मुख्यमंत्री, तर राज्य सेवेतील उपअधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांसाठी गृहमंत्री. शिवाय गंभीर तक्रार, गैरप्रकार वा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च सक्षम प्राधिकाऱ्याने मंडळाची शिफारस न घेताही कोणाचीही बदली करावी, अशी मुभा आहे. प्रकाश सिंग निकालाचा सारा रोख राजकीय सत्ता व नेमणूक यांच्यामध्ये एक व्यावसायिक मंडळ उभे करण्यावर होता. ते मंडळ महाराष्ट्राने उभे केले आणि त्याला वळसा घालण्याचा रस्ताही त्याच कायद्यात आखून दिला. हा दोष साधा नाही, आणि त्याला दोष म्हणूनच ओळखले पाहिजे.

आता या दरवाजाशी रोज जो झगडा होतो, तो मुख्यत्वे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, लोक ज्याला मॅट म्हणतात त्याच्यापुढे. १९९१ साली स्थापन झालेले हे न्यायाधिकरण मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे बसते. १९९७ च्या चंद्रकुमार निकालानंतर त्याच्या निर्णयावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते. भारतीय पोलीस सेवेचे अधिकारी मात्र केंद्रीय न्यायाधिकरणाकडे जातात. दाव्याची रीत जवळजवळ ठरून गेलेली आहे. संध्याकाळी बिनतारी संदेशाने हुकूम येतो, रात्रीच एकतर्फी कार्यमुक्त केले जाते, सकाळी दुसरा अधिकारी कार्यभार घेऊन बसतो. आणि न्यायाधिकरणापुढे सरकारी वकिलाचे पहिले म्हणणे हेच असते की, नवा माणूस हजर झालेला आहे, आता स्थगिती कशाला? त्यामुळे या दाव्यांत तासांना किंमत असते. मग मूळ नस्ती मागविली जाते. मंडळाची बैठक खरोखर झाली की इतिवृत्त नंतर तयार केले, मंडळावर कायद्याने जे सदस्य हवेत ते सर्व होते का, ज्याच्या आधारे हलविले तो कसुरी अहवाल हुकमाआधीचा की नंतरचा, तक्रारीची काही चौकशी झाली का, की 'जनहितार्थ' हा शब्द कोऱ्या धनादेशावरच्या सहीसारखा वापरला, या प्रश्नांवर हुकूम टिकतो किंवा पडतो. कारणाविना, किंवा मंडळाचा ठराव केवळ उपचार म्हणून जोडलेले हुकूम याच कसोटीवर रद्द झालेले आहेत.

या ठिकाणी विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. ज्या ठाण्यांना खात्यातले लोक मलईदार म्हणतात, तेथे बसलेला अधिकारी दोन वर्षांच्या पदावधीचा आधार घेऊन न्यायाधिकरणाकडून स्थगिती आणतो आणि जनतेला नकोसा झालेला माणूस कायद्याच्या कवचात राहतो, असे घडते. परंतु त्यावर उपाय बदली हा नव्हेच. लाचखाऊ अधिकाऱ्याला एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पाठविल्याने दुसऱ्या तालुक्याचे काय भले होते? निलंबन आहे, विभागीय चौकशी आहे, फौजदारी खटला आहे. कायद्याने आरोप असलेल्या, शिक्षा झालेल्या, कर्तव्यात कसूर केलेल्या अधिकाऱ्याला मुदतीपूर्वी हलविण्याची कारणेही स्वतंत्रपणे दिलेली आहेत. ती कारणे वापरावयाची तर आरोप लिहून काढावा लागतो आणि तो सिद्ध करण्याची तयारी ठेवावी लागते. ते कष्ट टाळण्यासाठीच 'प्रशासकीय निकड' पुढे केली जाते, आणि गडचिरोलीसारखा जिल्हा, जेथे खरोखर उत्तमातला उत्तम अधिकारी जावा, तो शिक्षेचा मुक्काम म्हणून बदनाम होतो. तेथील नागरिकांचा हा अपमान आहे, याचा विचार बदलीचे कागद काढणारे कधी करतात की नाही, कोण जाणे.

पदावधीचा कायदा किती पुढे गेला आणि कोठे अडला, हे केरळातल्या एका खटल्याने दाखवून दिले. २०१६ च्या मे महिन्यात तेथे सरकार बदलले आणि काही दिवसांतच पोलीस महासंचालक टी. पी. सेनकुमार यांना काढून पोलीस गृहनिर्माण महामंडळाकडे पाठविण्यात आले. पुट्टिंगल मंदिरातील आगीची दुर्घटना व एका तरुणीच्या खुनाचा तपास यांविषयी जनतेत असमाधान असल्याचे कारण देण्यात आले. केंद्रीय न्यायाधिकरणात ते हरले, केरळ उच्च न्यायालयात हरले, आणि २४ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती लोकूर व न्यायमूर्ती गुप्ता यांच्या पीठापुढे जिंकले. असमाधान हे कागदोपत्री आधार असलेले व वस्तुनिष्ठ असले पाहिजे, सरकारला वाटले एवढे पुरेसे नाही, असे सांगून न्यायालयाने त्यांना त्यांची जागा परत दिली. रॉयप्पांपासून त्रेचाळीस वर्षांनी मनमानीविरुद्धचा सिद्धांत एका पोलीस प्रमुखाच्या कामी आला. तरीही राज्य शासनाने स्पष्टीकरणाचा अर्ज करून वेळ घेतला, तो अर्ज न्यायालयाने खर्चासह फेटाळला, सेनकुमार ६ मे रोजी खुर्चीवर बसले आणि ३० जूनला वयोमानानुसार निवृत्त झाले. अकरा महिने काढून घेतलेल्या पदाचे आठ आठवडे परत मिळाले.

मुंबईतही २०२१ साली पोलीस आयुक्तांना पदावर एक वर्षाहून थोडाच काळ झाला असताना हलविण्यात आले, तेव्हा त्यांनी आपल्या बदलीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि तेथून त्यांना उच्च न्यायालयाची वाट दाखविण्यात आली. त्या प्रकरणातून निघालेल्या आरोप-प्रत्यारोपांनी बदल्यांच्या बाजाराची चर्चा राज्याच्या घराघरांत पोचविली. मला त्यात पडावयाचे नाही. परंतु ज्या राज्यात नेमणुकांना किंमत असल्याचा नुसता संशयही सर्वमान्य होतो, त्या राज्यात ठाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या सामान्य फिर्यादीने आपली तक्रार कोणत्या विश्वासाने लिहून द्यावी, एवढे मात्र विचारावेसे वाटते.

पन्नास वर्षांच्या या झगड्यात न्यायालयांनी अधिकाऱ्याला त्याची जागा वतन म्हणून दिलेली नाही, आणि ते योग्यच झाले. त्यांनी मागितले आहे ते एवढेच की, हुकूम कायद्याने नेमलेल्या हाताने, कायद्याने नेमलेल्या मंडळाच्या सल्ल्याने आणि लिहून ठेवलेल्या खऱ्या कारणासाठी निघावा. ते कारण आज नस्तीत राहते, आणि अधिकाऱ्याला ते पाहण्यासाठी न्यायाधिकरणाचा दरवाजा ठोठावावा लागतो. महाराष्ट्र विधिमंडळाने कलम २२न मध्ये आणखी एक पोटकलम घालावे: मुदतपूर्व बदलीच्या प्रत्येक हुकमाबरोबर आस्थापना मंडळाचे इतिवृत्त व नोंदविलेले कारण त्या अधिकाऱ्याच्या हाती दिले जावे, मंडळाला वगळून काढलेल्या हुकमांची यादी कारणांसह दरवर्षी दोन्ही सभागृहांपुढे ठेवली जावी, आणि यांपैकी एकही गोष्ट झाली नसेल तर तो हुकूम अमलात येऊ नये. या दुरुस्तीला खर्च लागत नाही, नवे पद लागत नाही, नवी कचेरी लागत नाही. आपापल्या आमदाराकडे ती मागण्याचा अधिकार मात्र प्रत्येक मतदाराला आहे, आणि तो त्याने बजावावा.